कमान बंद, कान चालू!

तुमच्या घरात आहे का हो कमान? गडावरची नाही, फ्लॅटमधली म्हणतेय मी. हॉल आणि डायनिंगच्या मध्ये, वरून गोलसर, दोन्ही बाजूंना आपण खांब असल्याचा उगाच आव आणणारी. ऐंशी-नव्वदच्या दशकात ज्यांच्या आई-बाबांनी पुण्यात, ठाण्यात, नाशकात टू बीएचके घेतला त्यांनी आत्ता मान डोलावली असेल. आमच्याकडे तर कमान इतकी मुरलीये, की घरातल्या प्रत्येक बर्थडेचा फोटो तिच्याखालीच काढलेला आहे. फुगे बदलले, केक बदलले, माझे दात पडले आणि परत आले. मागची कमान तीच.

बाबांनी हा कोथरूडचा फ्लॅट १९९१ मध्ये घेतला. त्याआधी सदाशिव पेठेत वाड्यातल्या दोन खोल्या. एक पुढची, एक मागची, आणि मध्ये कायम पडदा. नव्या घरात बिल्डर सरळ चौकोनी ओपनिंग देत होता, बाबांनी वरचे पैसे भरून त्याची कमान करून घेतली. 'घर कसं मोकळं वाटलं पाहिजे,' हा त्यांचा तेव्हाचा फंडा, आणि तो अजून जशाच्या तसा आहे. आई म्हणते, त्या महिन्यात पंखा घ्यायचा राहिला होता पण कमान झाली होती!

आणि मागच्या वर्षी मी जेवताना जाहीर केलं, की ही कमान बंद करू या.

बाबांनी आमटीची वाटी खाली ठेवली. बास, एवढंच. ओरडले असते तर बरं झालं असतं.

त्याचं असं झालं, की आमची आजी वाईहून कायमची आमच्याकडे आली. वय ८४. पावसाळ्यात अंगणात पाय घसरला, खुबा मोडला, ऑपरेशन झालं आणि हातात वॉकर आला. आजवर ती फक्त दिवाळीला पाहुणी म्हणून यायची. आता तिला जागा हवी होती. एका बेडरूममध्ये आई-बाबा, दुसऱ्या छोट्या खोलीत मी, माझी पुस्तकं आणि बंगलोरला नोकरी करणाऱ्या दादाचा निम्मा संसार. मी माझी खोली देऊ केली होती (खरंच!), पण ती पॅसेजच्या टोकाला आणि तिचं दार इतकं अरुंद, की वॉकर तिरका करावा लागतो. मग डायनिंग टेबल हॉलमध्ये सरकलं आणि त्याच्या जागी दिवाण आला.

म्हणजे आजी झोपायची तिथे भिंत नव्हतीच. होती ती सहा फुटांची कमान. कुरिअरवाला आला तरी त्याला आजी झोपलेली दिसायची. तिची साडी बदलायची वेळ झाली की आई दोरीवर चादर टाकायची आणि आम्ही सगळे शहाण्यासारखे टीव्हीकडे तोंड करून बसायचो. रात्री बाबांच्या बातम्या, सकाळी माझे फोन.

'आजीला प्रायव्हसी नको का?' मी म्हटलं. मुद्दा बिनतोड होता. तो जरा जास्तच बिनतोड का होता, ते पुढे सांगते.

आधी टकटक करा

मी मास कॉमची, सिव्हिलशी माझा संबंध रस्त्यावरच्या खड्ड्यांपुरता. त्यामुळे आधी एका आर्किटेक्ट मित्राला चहाला बोलावलं. तो आला, त्याने चहा बाजूला ठेवला आणि बोटांच्या पेरांनी कमानीवर टकटक करायला लागला. दोन्ही बाजूंना भरीव आवाज, वर गोलाईपाशी मात्र पोकळ! आमची ही दिमाखदार कमान म्हणजे वर आरसीसी बीम आणि त्याच्या पोटाला जाळी बांधून, गिलावा करून दिलेला गोल आकार. निव्वळ मेकअप. बाबा शेजारीच उभे होते. त्यांना हे ३४ वर्षांनी कळलं आणि मला फार वाईट वाटलं.

पण हे टकटक प्रकरण महत्त्वाचं आहे, बरं का. साधारण गेल्या चाळीस-पन्नास वर्षांतल्या बहुतेक अपार्टमेंट्समध्ये इमारतीचं वजन कॉलम आणि बीम उचलतात. मधल्या भिंती नुसत्या भरलेल्या असतात. तिथली कमान शोभेची. पण जुन्या वाड्यात, दगड-विटांच्या लोडबेअरिंग बिल्डिंगमध्ये राहत असाल तर मामला वेगळा. तिथे कमान खरीखुरी असू शकते. म्हणजे वरच्या भिंतीचा भार ती गोलाईवरून दोन्ही बाजूंना वाटून खाली पोचवत असते. अशी कमान भरून काढली तर सहसा बिघडत नाही. बिघडतं ते भरायच्या आधी. दार चौकोनी, कमान गोल, मग कोणीतरी म्हणतं, 'वरची गोलाई तेवढी फोडून घेऊ, फ्रेम बसायला सोपं.' इथे थांबायचं. आधी स्ट्रक्चरल इंजिनिअर, मग हातोडा.

दुसरी गोष्ट वजनाची. आमची कमान सहा फूट रुंद, मधोमध आठ फूट उंच, म्हणजे जेमतेम ४५ चौरस फूट. एवढ्याशा जागेत चार इंची विटांची भिंत चढवून दोन्ही बाजूंनी गिलावा केला तर तिचं वजन किती होईल? मित्राने मोबाइलवर हिशोब करून दाखवला: साधारण १ टन! आमच्या हॉलच्या कडेला एक छोटी गाडी कायमची पार्क केल्यासारखं. एएसी ब्लॉक, म्हणजे ते पांढरे हलके ठोकळे वापरले तर हेच वजन निम्म्याहून खाली येतं. आणि लोखंडी पत्र्याच्या फ्रेमवर दोन्ही बाजूंनी जिप्सम बोर्ड लावलं तर सगळं मिळून १२५ किलोच्या आसपास. तुमच्या भिंतीखाली बीम आहे की नुसता स्लॅब, हे माहीत नसताना गवंड्याला 'भरून टाका' म्हणणं म्हणजे धाडसच.

विटांचा आणखी एक लोच्या असतो. जुनी भिंत कधीच वाळून स्थिर झालेली, नवी भिंत वाळताना आकसते. दोघींच्या सांध्यावर भेग पडते. आणि ती भेग कुठून जाते? बरोब्बर कमानीच्या रेषेवरून! बंद केलेली कमान दोन-तीन महिन्यांनी रंगातून परत वर येते, भूत परतल्यासारखी. चांगला गवंडी हे होऊ देत नाही. तो जुन्या भिंतीचा गिलावा कडेने खरवडतो, नव्या-जुन्या विटा एकमेकींत अडकतील असे दाते काढतो, सांध्यावर दोन्हीकडे सहा-सहा इंच जाईल अशी चिकन मेश ठोकतो आणि वरचा शेवटचा थर लगेच न भरता खालचं काम बसू देतो. आठवडाभर पाणी मारतो. तुमचा माणूस 'दोन दिवसांत रंग मारून देतो' म्हणत असेल, तर समजून जा.

सोसायटीचं विचाराल, तर फ्लॅटमध्ये असे बदल करायला कमिटीची लेखी परवानगी लागते. आमच्या सेक्रेटरीकाकांनी अर्ज वाचला, दुपारी दोन ते चार ठोकाठोकी नाही आणि राडारोडा गोणीत भरूनच न्यायचा, या दोन अटी घातल्या. मग हळूच विचारलं, 'आमची पण बंद करायची म्हणतोय. झाली की बघायला येऊ का?'

आवाजाला फट पुरते

खरं सांगायचं तर माझा जीव अडकला होता तो आवाजात. मी फ्रीलान्स पत्रकार. दिवसातले तीन-चार तास फोनवर मुलाखती. आजी येण्याआधी डायनिंग टेबल हेच माझं ऑफिस होतं. ते हॉलमध्ये गेलं आणि माझ्या प्रत्येक रेकॉर्डिंगमध्ये कुकरच्या शिट्ट्या, दाराची बेल आणि 'कोण आलंय गं?' हा आजीचा प्रश्न यायला लागला.

माझी एक मैत्रीण हिंजवडीत आयटीमध्ये आहे. ती आणि तिचा नवरा, दोघंही घरून काम करणारे. २०२० च्या लॉकडाउनमध्ये दोघांचे कॉल्स एकाच हॉलमध्ये आदळायला लागले, तेव्हा त्यांनी घाईघाईत सुताराला बोलावून मधल्या ओपनिंगमध्ये प्लायचं पार्टिशन टाकलं. आत थर्मोकोल भरला, वर वॉलपेपर. दिसायला सॉल्लिड! पहिल्याच दिवशी पलीकडून नवऱ्याच्या मॅनेजरची प्रत्येक शिवी तिला स्वच्छ ऐकू आली. पाच वर्षं ती त्याच्या टीमचं राजकारण त्याच्याहून जास्त ओळखून आहे.

चुकलं काय? एक म्हणजे थर्मोकोल. तो उष्णता अडवतो, आवाज नाही. (अंड्याचे ट्रे भिंतीला चिकटवणाऱ्यांनीही वाचून घ्या. खोलीतला घुमारा थोडा कमी होईल, पलीकडे जाणारा आवाज नाही.) आवाज अडवायला दोन गोष्टी लागतात. वजन आणि तुटलेला रस्ता. विटांची भिंत जड असते म्हणून आवाज अडवते. हलक्या पार्टिशनमध्ये हे काम दुसऱ्या युक्तीने करावं लागतं. दोन बाजूंची बोर्डं, मध्ये पोकळी, त्या पोकळीत ग्लासवूल किंवा रॉकवूल. हवं तर दोन्हीकडे बोर्डाचे डबल थर. असं नीट केलेलं पार्टिशन चार इंची विटांच्या भिंतीच्या तोडीस तोड जातं.

पण 'नीट' या शब्दात सगळं आलं. आवाज पाण्यासारखा असतो, फट दिसली की गळतो. कडेने सीलंट भरलेलं नसेल, दाराखाली बोटभर जागा असेल, एकाच जागी दोन्हीकडून स्विचबोर्ड बसवले असतील, तर महागातलं ग्लासवूल पाण्यात गेलं म्हणून समजा. कमानीत ही भीती जास्त, कारण सरळ कापलेलं बोर्ड गोलाईला कधीच चिकटून बसत नाही.

तर माझा प्लॅन तयार होता. डबल बोर्ड, रॉकवूल, कमान पूर्ण बंद. आणि आत जायला? डायनिंगमधून स्वयंपाकघरात जाणारं दार आधीपासून होतंच. बंगलोरहून व्हिडिओ कॉलवर दादाने शिक्कामोर्तब केलं, 'परफेक्ट! एकदम पॅक.' आजी दुपारी आईच्या खोलीत आराम करेल, तेव्हा ती पॅक खोली माझी. हे दुसरं वाक्य मी मोठ्याने बोलले नव्हते.

माजघराची गोष्ट

सगळं ठरल्यावर आजीला सांगायला गेले. म्हणजे क्रम बघा, ठरल्यावर सांगायला. कागदावर स्केच काढून नेलं होतं. तिने चष्मा लावून ते नीट पाहिलं.

'म्हणजे मी आत-बाहेर करायची ती स्वयंपाकघरातून?'

'हो ना आजी. आणि बाहेरचा अजिबात आवाज नाही. शांत एकदम.'

'कोण आलं-गेलं कसं कळायचं मला?'

'आम्ही सांगू ना.'

ती हसली. 'वाईला आमचं माजघर होतं. पुढे ओसरी, मागे स्वयंपाकघर आणि मध्ये माजघर. दिवसासुद्धा अंधार. आम्ही बायका तिथे बसून निवडण-टिपण करायचो. ओसरीवरच्यांना आम्ही दिसायचो नाही, पण आम्हाला त्यांचा शब्द न् शब्द ऐकू यायचा. कुणाचं लग्न मोडलं, कुणी जमीन विकली, सगळं. तुझ्या आजोबांना वाटायचं, हिला कसं कळतं!' मग कागद माझ्या हातात परत देत म्हणाली, 'तू मला दिसू देत नाहीयेस ते चांगलं आहे गं. पण ऐकूही येऊ देत नाहीयेस.'

मी तिथेच दिवाणावर बसले. दोन मिनिटं काही सुचेना. कारण भिंत तिच्या नावावर मागितली होती, पण स्केचमधली प्रत्येक रेघ माझ्या सोयीची होती. आवाज तिला नको नव्हता, मला नको होता. हे मी बाबांना त्याच रात्री सांगून टाकलं. ते म्हणाले, 'मला वाटलंच होतं.' आणि वर, 'पण कमान तुझी आजी आल्यापासून मलाही खुपतेच आहे. तिला तसं उघड्यावर झोपलेलं बघवत नाही.'

मग आम्ही जे आधी करायला हवं होतं ते केलं. चौघं टेबलाशी बसलो आणि कमानीतून काय काय जातं त्याची यादी केली. नजर जाते. आवाज जातो. उजेड जातो. वारा जातो. फोडणीचा वास जातो. माणसं जातात, वॉकरसकट. यातलं कोणाला काय नको आणि काय हवं? आजीला नजर नको, रात्रीचा लाइट नको. आवाज हवा, पण झोपताना नको. आईला वारा हवा, कारण हॉलच्या बाल्कनीतून शिरलेली झुळूक डायनिंगच्या खिडकीतूनच बाहेर पडते, ती अडली तर दोन्ही खोल्या कोंदट. (कोंदटपणाचा हिशोबही असतो. नॅशनल बिल्डिंग कोडप्रमाणे राहत्या खोलीला हवामानानुसार जमिनीच्या क्षेत्रफळाच्या एक द्वादशांश ते एक षष्ठांश उघडणारी खिडकी लागते. आमची खोली ९० चौरस फूट, खिडकी १२ ची. काठावर पास!) बाबांना फक्त एवढंच हवं होतं, की हॉलमध्ये बसल्यावर कमान दिसली पाहिजे. आणि स्वयंपाकघरातून एकमेव रस्ता हा तर मूर्खपणाच होता. गॅसची काही भानगड झाली तर वॉकरवाल्या बाईने बाहेर कुठून पडायचं?

विटांची भिंत घाला, सगळंच अडतं. पडदा लावा, फक्त नजर अडते. काच लावा, उजेड राहतो आणि वारा जातो. मधलं काहीतरी हवं होतं, आणि त्यासाठी मला सापडले आमचे सुतारकाका.

गोलाईचा साचा

सुतारकाकांनी आल्या आल्या माझं स्केच घडी करून खिशात घातलं ते परत काढलंच नाही. जुन्या पुठ्ठ्याच्या खोक्यांचा मोठा तुकडा घेतला, तो कमानीवर धरून पेन्सिलीने गोलाई उतरवून घेतली आणि मग तोच पुठ्ठा उलटा करून लावून बघितला. दोन बाजू जुळेनात. डावीकडून उजवीकडे दीड इंचाचा फरक! '३४ वर्षं वाकडी होती, ताई. कुणाला दिसली नाही ना? मग आपणही वाकडीच बसवू.' म्हणून त्यांनी सगळी कटिंग त्या पुठ्ठ्याच्या साच्यावरून केली. गोलाई जिथून सुरू होते तिथपर्यंतची उंची साडेसहा फूट. तिथे त्यांनी एक आडवी पट्टी टाकली आणि कमानीचे दोन भाग केले.

खालचा भाग बंद. लोखंडी फ्रेम (वाळवीचं टेन्शन नाही), दोन्हीकडे ओल सोसणारं हिरवं जिप्सम बोर्ड, कारण बेसिन त्याच खोलीत आहे, आणि आत रॉकवूल. बोर्ड लावायच्या आधी आजीच्या बाजूला कंबरेच्या उंचीवर आत जाड प्लायची पट्टी बसवून घेतली. नुसत्या जिप्सम बोर्डावर धरायचा दांडा ठोकला तर तो वजन पडल्यावर उपटून हातात येतो. घरात म्हातारं माणूस असेल तर हे आधीच सांगायचं, नंतर सांगून उपयोग नसतो.

सहा फुटांतलं अर्धं पार्टिशन, अर्धं दार. वॉकर किंवा उद्या व्हीलचेअर जायची तर मोकळी वाट ९०० मिलीमीटर हवी, म्हणजे जवळजवळ पूर्ण तीन फूट. बिजागरीचं दार उघडताना वॉकर घेऊन मागे सरकावं लागतं, म्हणून दार सरकतं, आणि तेही वरून टांगलेलं. जमिनीवर पट्टी नाही, उंबरठा नाही. आजी आधी म्हणाली, 'उंबरठ्याशिवाय कसलं दार!' मग स्वतःच म्हणाली, 'असू दे. एकदा पडले तेवढं पुरे.' आतून कडी आहे, पण बाहेरून नाण्याने उघडते अशी. सरकतं दार आवाजाच्या बाबतीत जरा ढिलंच असतं, हे मान्य. ते आम्ही मान्य करूनच घेतलं.

आणि वरची गोलाई? तिथे लाकडी झडपा. आडव्या, तिरक्या होणाऱ्या, जुन्या घरांच्या खिडक्यांना असतात तशा. एक दांडी आजीच्या पलंगापर्यंत खाली आलीये. दांडी ओढली की झडपा उघड्या. वारा चालू, ओसरीवरच्या गप्पा चालू. ढकलली की रात्र.

सगळं पार्टिशन आजीच्या बाजूला काठाशी बसवलंय. कमानीची जाडी होती नऊ इंच, पार्टिशनने खाल्ली चार. उरलेल्या पाच इंचांत हॉलच्या बाजूने अख्खी कमान जशीच्या तशी दिसते, खोल कोनाड्यासारखी. मला एक गोष्ट याच भानगडीत कळली. आपण ज्याला महिरप म्हणतो (आणि ज्यावरून गणितातला महिरपी कंस आला) तो शब्द मुळात अरबी मिहराबवरून आलेला आहे, मशिदीच्या भिंतीतला कमानदार कोनाडा. म्हणजे आमची कमान फिरून मूळ पदावर आली म्हणायची. बाबांनी लगेच त्यात फोटोंसाठी दोन फळ्या मारून घेतल्या.

वायरिंगचं मात्र आम्ही विसरलो होतो. नवी खोली म्हणजे तिचा स्वतःचा पंखा, लाइट, पलंगाजवळ स्विच. डायनिंगचे स्विच होते हॉलच्या भिंतीवर! पहिल्या रात्री आजीचा पंखा बंद करायला बाबांना सोफ्यावरून उठावं लागलं. रंगाच्या आधी लक्षात आलं म्हणून निभावलं, नाहीतर नवी भिंत फोडणं आलं. एकूण काम नऊ दिवस चाललं, त्यातले दोन दिवस सुतारकाका गावाला लग्नाला.

भाड्याने राहणाऱ्यांनी एवढं वाचून उसासा टाकला असेल. हॉलचा तिसरा बेडरूम करून भाडं तिघांत वाटणारे कितीतरी रूममेट्स माझ्या ओळखीत आहेत. त्यांनी मालकाच्या भिंतीला हात न लावलेलाच बरा. दोन भिंतींत दाबून बसणारा रॉड आणि त्यावर जमिनीला टेकणारा जाड, चुण्यांचा पडदा. त्याच्यासमोर पाठ बंद असलेलं पुस्तकांचं कपाट. पुस्तकं जड असतात, आवाजही थोडा खातात. कपाट पडणार नाही असं मात्र बघा. आणि दोघांची झोपायची वेळ वेगळी असेल तर हेडफोनला पर्याय नाही.

माझ्या ऑफिसचं काय, विचारताय? ते माझ्याच खोलीत गेलं. दादाचा निम्मा संसार शेवटी बंगलोरला रवाना झाला, चार खोकी, ट्रान्सपोर्टचा खर्च त्याचा. त्याच्या कपाटाच्या जागी टेबल बसलं. हे आधी का सुचलं नाही, असं आईने विचारलं. मी उत्तर दिलं नाही.

बेसिन आजीच्याच खोलीत राहिलं. त्यामुळे जेवण झालं की एकेक जण हात धुवायला आत जातो आणि लवकर बाहेर येत नाही. बाबा तर टॉवेल हातात घेऊन पंधरा-पंधरा मिनिटं उभे असतात.

परवा माझ्या खोलीत रेंज नव्हती, म्हणून हॉलमध्ये फेऱ्या मारत एका एडिटरशी फोनवर बोलत होते. लेख कधी, किती शब्दांचा, फोटो कोण देणार, सगळं ठरलं. फोन ठेवला. वरच्या झडपा उघड्या होत्या, हे माझ्या लक्षातच नव्हतं.

आतून आवाज आला, 'अगं, पैशांचं विचारलंस का?'